डॉक्टर व्हायचे आहे. रसायनशास्त्रासोबत गणित घ्यावे का?

बंगळुरू : दहावीनंतर वैद्यकीय शिक्षणाची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यापुढे कर्नाटकात पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयगटाचा. नोकरीनिमित्त कोरमंगला परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना येथील दोन वर्षांचा पदवीपूर्व अभ्यासक्रम, अर्थात ‘पीयूसी’, अपरिचित असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला गणित घ्यावे, की दुसरा एखादा विषय, याचा निर्णय प्रवेशावेळीच करावा लागतो.

रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम मात्र सर्व गटांत एकच आहे. कोरमंगलातच असलेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयासह देशभरातील एमबीबीएसचे प्रवेश ‘नीट’वर अवलंबून आहेत. या परीक्षेच्या ७२० गुणांपैकी १८० गुण रसायनशास्त्राचे असतात. दोन उमेदवारांचे एकूण गुण समान झाल्यास आधी जीवशास्त्राचे आणि त्यानंतर रसायनशास्त्राचे गुण पाहिले जातात.

‘नीट’साठी गणित आवश्यक नाही. मात्र ते सोडल्यास अभियांत्रिकीचा पर्याय जवळपास संपतो. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय पुरतो. म्हणजेच गणित हा अभियांत्रिकीचा पर्याय राखून ठेवण्याचा मार्ग आहे. त्याची किंमत अभ्यासाच्या वेळेत मोजावी लागते. अभियांत्रिकीचा विचारच नसलेल्या विद्यार्थ्याने हा भार का उचलावा, हे आधी ठरवणे हिताचे.

शिकवणीच्या धावपळीत प्रयोगशाळेकडे दुर्लक्ष करणेही परवडणारे नाही. २०२४ पासून लागू झालेल्या ‘नीट’च्या सुधारित अभ्यासक्रमातून घन अवस्था, बहुवारिके यांसारखे काही घटक वगळले गेले, त्याच वेळी प्रात्यक्षिक रसायनशास्त्राच्या तत्त्वांना त्यात स्थान मिळाले. अनुमापन, क्षारांचे विश्लेषण आणि कार्यात्मक गटांची ओळख हे प्रयोग केवळ पाठ करून साधत नाहीत.

या विषयाची उपयुक्तता प्रवेशापाशी संपत नाही. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखणारी यंत्रणा समजण्यासाठी बफर द्रावणाची, तर ०.९ टक्के सलाइनचे कारण कळण्यासाठी परासरण दाबाची संकल्पना स्पष्ट असावी लागते. एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी जीवरसायनशास्त्र शिकावे लागते.

स्थलांतरित कुटुंबांनी आणखी एक बाब तपासावी. कर्नाटकच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे पहिली ते बारावीदरम्यान किमान ७ वर्षांचे शिक्षण राज्यात झालेले असावे लागते. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासासह दहावी व बारावी त्याच राज्यातून उत्तीर्ण असणे सामान्यतः अपेक्षित असते. दहावी पुण्यात आणि बारावी बंगळुरूत केलेला विद्यार्थी दोन्ही कोट्यांना मुकण्याची शक्यता असते. त्यामुळे विषयगट निश्चित करण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिका पाहणे आणि महाविद्यालयाच्या वेळापत्रकात प्रयोगशाळेचे तास किती आहेत, याची चौकशी करणे आवश्यक ठरते.