घरात सून आहे ना!

“सून हाय ना घरात, मंग बाहेरच्याले कायले बोलवाचं?”

हे वाक्य मी मोताळा तालुक्यातल्या एका पारावर ऐकलं. त्याआधी चिखलीला ऐकलं होतं, आणि त्याही आधी खामगावच्या एका शिकलेल्या घरात, जरा शुद्ध भाषेत. विषय दर वेळी एकच असतो. घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे. गावातल्या कुणी आठवड्यातून दोनदा येऊन तास-दोन तास जवळ बसलं, तर घरच्यांना उसंत मिळेल. एवढं सुचवायचा अवकाश, लगेच तोंडं वाकडी होतात. बाहेरची मदत घेतली म्हणजे आईबापाला टाकलं, पोरं नालायक निघाली, असा निकाल जागच्या जागी लागतो.

यामागे माया असते, हे मान्य. पण मायेच्या गोष्टी करणारा आणि अंथरूण बदलणारा सहसा एकच नसतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या माणसांचा विनामोबदला सांभाळ करणाऱ्या बायका २७.६ टक्के भरल्या, पुरुष १४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांचे दिवसाचे सरासरी १३४ मिनिटं जातात, पुरुषांचे ७६. यात लेकरं सांभाळणंही आलं, हे खरं. तरी ‘घरचे बघतात’ यातले घरचे म्हणजे बहुतेक वेळा एक बाई, हे समजायला सर्वेक्षणाचीही गरज नाही.

पाराजवळच्याच घरातली बाई घ्या. सासू अर्धांगवायूने बाजेवर. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. माकडहाड, खुबा, टाच इथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. सतत दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. त्यांनी हवेची गादी आणली होती, पण भारनियमनात पंप बंद पडला की ती बसायची. खरी मेख पुढेच आहे. माणसाला ओढून सरकवायचं नसतं. ओढलं की कातडी चादरीला धरून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम तिथूनच सुरू होते. अंगाखाली आडवी चादर घालायची, दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि उचलून सरकवायचं. दोघांनी! नवरा पुण्याला कंपनीत, सासऱ्यांची कंबर वाकलेली. ती बिचारी एकटी ओढायची. माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली, आणि भेटायला आलेल्यांनी ठरवून टाकलं: सून लक्ष देत नाही.

बोलताना तिने पदर गालाला दाबून धरला होता. दाढ. कधीपासून दुखते म्हणून विचारलं, तर म्हणाली, “पोळ्यापासून.” तेव्हा माघ चालू होता.

“पूर्वीच्या बायकांनी केलंच ना?” हा पुढचा प्रश्न तयारच असतो. केलं. त्यात किती जणी खंगल्या, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. जिथे ठेवली तिथलं सांगतो. अमेरिकेत आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वयस्कर माणसांवर चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९९९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ज्यांना त्या शुश्रूषेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. देश वेगळा, घरं वेगळी. पण थकणारं शरीर सारखंच.

आणि बाहेरच्यांनी सेवा करणं आपल्याला परकं आहे म्हणता? याच जिल्ह्यात शेगाव आहे. संस्थानातली झाडझूड, प्रसादाच्या पंगती, दर्शनाच्या रांगा सांभाळायला गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येतात, दमडी न घेता. पाळी आली की हातातलं काम टाकून निघणारे लोक मला माहीत आहेत. अनोळखी माणसाचं उष्टं ताट उचलायला त्यांना कमीपणा वाटत नाही. मग चार घरं पलीकडच्या म्हातारीच्या चादरीचं दुसरं टोक धरायला काय अडतं? मयतीला अख्खं गाव लोटतं. त्याआधीची तीन वर्षं मात्र तो ‘त्यांच्या घरचा मामला’ असतो.

केरळात मलप्पुरम आणि आसपास साधारण १९९९ पासून गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून, नर्ससोबत अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी पाठवतात. त्यामुळे तिथली पोरं आईबापाला टाकून पळून गेली नाहीत. स्वयंसेवकाची हद्द मात्र आधीच स्पष्ट असावी: औषध मनाने बदलायचं नाही, अंगठा घ्यायचा नाही, एटीएम कार्डाला हात लावायचा नाही, आणि दिलेली वेळ चुकवायची नाही.

आता किरकोळ गैरसमज, भरभर.

“निराधारचा पगार चालू हाय, माणूस ठेवा.” श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये म्हणजे दिवसाचे ५०. त्यात कोण येतं, सांगा.

“साठी बुद्धी नाठी.” देशव्यापी ‘लासी-डॅड’ अभ्यासात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आढळला. बाकी नव्वदहून अधिक टक्क्यांची बुद्धी नाठी झालेली नाही. आणि ज्यांना विसर पडतो त्यांना डॉक्टर दाखवा, म्हण ऐकवू नका.

“पोरांकडून खर्च मागायचा तर कोर्ट-कचेरी आली.” २००७ च्या कायद्याने हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि शेत पोराच्या नावे करून देणार असाल, तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घ्या. तोंडी वचनावर पुढे फार वाद होतात.

“१४५६७ हा तक्रारीचा नंबर.” ज्येष्ठांची ही हेल्पलाइन माहिती द्यायला आणि नुसतं मन मोकळं करायलाही आहे.

“स्वयंसेवक म्हणजे कॉलेजची पोरं.” ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून राज्यात आहे. पासष्टीचा धडधाकट माणूस पंच्याऐंशीच्या माणसापुढे तरुणच.

मोताळ्याच्या त्या गावात शेवटी कुणी कॉलेजकुमार आला नाही. दोन घरं पलीकडच्या, निवृत्त झालेल्या अंगणवाडीच्या ताई मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येऊ लागल्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या खेपेला ताईंना त्यांच्या माहेरचं गाव विचारलं, तिसऱ्या खेपेला माहेरातली नाती निघाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सून राजूर घाट चढून बुलढाण्याला गेली आणि दाढ काढून संध्याकाळच्या एसटीने परत आली.