यानाची बांधणी आणि यानाची शोभा

दिवाळीची सुट्टी लागली कीं ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील इमारतींच्या आवारांतून मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. दगडविटा रचून वर पोतीं घालावयाचीं, त्यांवर चिखल थापावयाचा, अळीव पेरून हिरवळ आणावयाची आणि शेवटीं मावळे मांडावयाचे, हा क्रम आपल्या घरांतील तिन्ही पिढ्यांना पाठ आहे. परंतु त्याच घरांतील मुलें संगणकापुढें बसून ठोकळ्यावर ठोकळा ठेवीत अंतराळयान बांधूं लागलीं, म्हणजे वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पहिला उद्योग संस्कार ठरतो आणि दुसरा वेळेचा अपव्यय! हा निवाडा न्याय्य आहे किंवा नाहीं हें ठरविण्यापूर्वीं त्या यानांत चाललें आहे तरी काय, हें एकदां पाहावयास हवें.

ह्या प्रकारच्या खेळांत जिंकण्याहरण्यास फारसें महत्त्व नसतें. खेळणाराला एक विस्तीर्ण जग आणि बांधकामाचें साहित्य मिळतें; काय बांधावें हें त्यानेंच ठरवावयाचें. प्राग येथील कीन सॉफ्टवेअर हाऊस ह्या संस्थेचा ‘स्पेस इंजिनीअर्स’ हा खेळ २०१३ सालीं प्रथम लोकांपुढें आला. त्यांत मोठ्या यानाचा ठोकळा अडीच मीटर बाजूचा व लहान यानाचा अर्ध्या मीटरचा असतो. मेक्सिकोमध्यें तयार झालेला ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ त्याच्याही आधीचा, २०११ सालचा. त्याचा जनक फेलिपे फालांघे हा किशोरवयांत शोभेच्या दारूच्या बाणांवर पत्र्याच्या लहानशा बाहुल्या बसवून त्या आकाशांत उडवीत असे. ‘कर्बल’ हें नांव त्या बाहुल्यांचें. रिकाम्या डब्याखालीं फटाका लावून डबा किती उंच जातो हें पाहणाऱ्या आपल्या मुलांचा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा!

नवशिका बांधणारा आधीं रूपाच्या मागें लागतो. चित्रपटांत पाहिलेल्या यानाप्रमाणें तो टोकदार चोंच काढतो, पंख लावतो, मागें भलेंमोठें इंजिन बसवितो. यान मोठ्या दिमाखानें निघतें, परंतु थांबत नाहीं! अवकाशांत हवा नाहीं, तेव्हां घर्षणही नाहीं. एकदां आलेली गति आपण होऊन ओसरत नाहीं. पुढें जाण्यास जसा मागें जोर लावावा लागतो, तसाच थांबण्यास उलट बाजूनें लावावा लागतो. म्हणून पुढें-मागें, डावीकडे-उजवीकडे व वर-खालीं अशा सहाही दिशांना जोर देणारे थ्रस्टर हवेत, आणि यान वळविण्यास जायरोस्कोप हवा.

येथें शाळेंतील गणित कामास येतें. सेकंदास १०० मीटर वेगानें जाणाऱ्या रिकाम्या यानाचा वेग त्याच्या पुढील थ्रस्टरांनीं दर सेकंदास ५ मीटरांनीं कमी होतो असें धरूं. तें २० सेकंदांत थांबेल आणि तोंवर १,००० मीटर पुढें गेलेलें असेल. आतां खाणींतून खनिज भरून त्याच यानाचें वस्तुमान दुप्पट झालें, तर थांबण्यास ४० सेकंद व २,००० मीटर लागतील. रिकामें असतांना जें यान धक्क्याला अलगद लागतें, तेंच भरल्यावर धक्का मोडून आंत शिरतें. पाठ्यपुस्तकांत न्यूटनचा नियम घोकणारें मूल तो येथें स्वतःच्या यानाचा चुराडा करून शिकतें. असा शिकलेला नियम विसरला जात नाहीं.

पुढचे धडे याच मार्गानें येतात. हवेवर चालणारे थ्रस्टर ग्रहाजवळ उत्तम काम देतात, अवकाशांत मात्र निरुपयोगी ठरतात. आयन थ्रस्टरांचें नेमकें उलट. हायड्रोजनवर चालणारे दोन्हीकडे उपयोगी, परंतु त्यांना इंधन लागतें आणि इंधनाला टाक्या. थ्रस्टरच्या ज्वालेच्या वाटेंत आपलीच भिंत आली तर ती जळते. सगळी वीज एकाच अणुभट्टीवर ठेविली आणि तिला इजा पोंचली, तर संपूर्ण यान अंधारांत जातें. तेव्हां यान बांधणें म्हणजे, कशासाठीं काय सोडावयाचें, हें ठरविणें होय.

कल्याणच्या खाडीनें हा धडा साडेतीनशें वर्षांपूर्वींच दिला आहे. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आली, आणि शिवाजी महाराजांनीं तेथें तरांडीं बांधावयास सुरुवात केली. त्या कामीं पोर्तुगीज कारागिरांचेंही साह्य घेतलें गेलें. मराठ्यांच्या आरमारांत एकाच नमुन्याचा आग्रह नव्हता. संगमेश्वरी उथळ खाड्यांतून सहज शिरे. गलबत वल्ह्यांवर चाले व चपळ असे. गुराब मोठी, डोलकाठ्यांची व तोफांची. वारा पडला म्हणजे गलबतें गुराबेस दोर लावून तिला ओढीत नेत. ज्या पाण्यांत जावयाचें त्याप्रमाणें तळ, ज्या कामासाठीं जावयाचें त्याप्रमाणें आकार, हें सूत्र दुर्गाडीच्या पायथ्याशीं जितकें खरें होतें तितकेंच मंगळाच्या वाटेवरही खरें आहे.

मग शोभेचें काय? ती टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. रायगडाच्या महादरवाजाचें गोमुखी बांधकाम पाहावें. दोन बुरुजांच्या वळणांत दरवाजा असा दडविला आहे कीं, समोरून येणाराला तो दिसूं नये व त्यावर सरळ मारा करतां येऊं नये. हें संरक्षणासाठीं केलें. पण त्या वळणाला जें सौंदर्य आहे तें वरून चिकटविलेल्या नक्षीला कोठून येणार? अपोलो मोहिमांत चंद्रावर उतरलेलें वाहन पहिल्या दृष्टिक्षेपांत कोळ्यासारखें बेढब वाटतें. हवाच नाहीं तेथें निमुळतेपणाची गरज नव्हती, म्हणून तो दिला नाहीं. भार कमी करण्यासाठीं अंतराळवीरांच्या खुर्च्या काढल्या; उभा माणूस खिडकीच्या अगदीं जवळ येतो, म्हणून खिडक्याही लहान करतां आल्या. हें कारण कळल्यावर तेंच वाहन रेखीव वाटूं लागतें! आपल्या चांद्रयान-२ चा विक्रम २०१९ सालीं चंद्रावर सुखरूप उतरूं शकला नाहीं. पुढच्या खेपेस त्याचे पाय अधिक बळकट केले, इंधन वाढविलें, पांच इंजिनांऐवजीं चार ठेविलीं. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं नवा विक्रम अलगद उतरला. त्या दिवशीं दूरदर्शनपुढें बसलेल्या कोणाला तो कुरूप वाटला असेल?

आकर्षक यानाची कांहीं साधीं पथ्यें ह्यावरून सांगतां येतात. प्रथम यानाचें काम एका वाक्यांत लिहावें: हें खनिज वाहील, किंवा हें दुरुस्तीला जाईल. नंतर सांगाडा उभारून इंजिनें, वीज व माल ह्यांच्या जागा ठरवाव्या आणि तसेंच उघडें यान भरून, उडवून, थांबवून पाहावें. तें नीट चाललें म्हणजेच वर कवच चढवावें. दुरून केवळ काळी आकृति दिसली तरी यान ओळखूं यावें, इतका त्याचा बाह्याकार ठसठशीत असावा. रंग दोन किंवा तीन पुरेत. लांबच लांब सपाट भिंत कंटाळवाणी दिसते खरी. परंतु ती मोडावयाची तर खऱ्या वस्तूंनीं मोडावी. जेथें कोणी उभें राहणार तेथें खिडकी, जेथें चढावें लागणार तेथें शिडी. ज्या खेळांत प्रत्येक ठोकळा खनिज खणून, वितळवून मिळवावा लागतो, तेथें निष्कारण पंखाची किंमत मुलाला लगेच कळते.

ह्यांत घरच्या वडील माणसांना करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यासाठीं खेळ येण्याची आवश्यकता नाहीं. कोऱ्या स्तुतीपेक्षां व कोऱ्या रागापेक्षां एक नेमका प्रश्न अधिक उपयोगी पडतो. आजोबांनीं विचारावें, “हें थांबतें कसें?” आजीनें विचारावें, “आंतल्या माणसानें निजावयाचें कोठें, आणि धान्य कोठें ठेवावयाचें?” संसाराच्या अडचणींतून जिनें स्वयंपाकघराची मांडणी वर्षानुवर्षें बसविली, तिच्याइतका यानाच्या आंतल्या रचनेचा जाणकार दुसरा कोण मिळणार? काकांनीं डोंबिवलीच्या गाडींत मुलाला दाखवावें कीं, फलाट कधीं डावीकडे येतो तर कधीं उजवीकडे, म्हणून दारें दोन्ही बाजूंना. उभे राहणारे पुष्कळ, म्हणून माथ्यावर कड्यांची रांग. पाहण्याची ही संवय लागली म्हणजे मूल प्रत्येक वस्तूला तिचें कारण विचारूं लागतें.

पडद्यावरच्या खेळाला मर्यादा आहेत, हेंही मान्य केलें पाहिजे. तेथें ओल्या मातीचा वास नाहीं आणि पाण्याची बादली आणून देणारा शेजारचा सवंगडी नाहीं. डोळ्यांना विश्रांति हवी, झोपेची वेळ पाळली पाहिजे. म्हणून घरांत एक साधा नियम करावा: आधीं वहींत पेन्सिलीनें आराखडा, मग ठराविक वेळ संगणक, आणि त्यानंतर त्या यानाचा भाग-भाग घरच्यांना समजावून सांगणें. ज्या भागाचें कारण मुलाला सांगतां येईल तो ठेवावा. ज्याचें सांगतां येणार नाहीं, तो काढावयाचा कीं ठेवावयाचा, हें मात्र त्याच्यावरच सोंपवावें. कारण यान त्याचें आहे, आणि तें चालवावयाचेंही त्यालाच आहे.