उद्याचे खेळाडू देऊन आजचा गोलंदाज घ्यावा का?

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात आणि त्याचे स्थान क्रिकेटमधील गोलंदाजापेक्षाही निर्णायक असते, कारण सामना सुरू करणारा पिचर बराच वेळ एकटाच प्रतिपक्षाच्या प्रत्येक फलंदाजाला सामोरा जातो. शंभराच्या आसपास चेंडू टाकल्यावर मात्र त्याच्या हाताला चार-पाच दिवसांची विश्रांती द्यावी लागते, म्हणून संघ अशा पाच पिचरांना आळीपाळीने उतरवतात. 162 सामन्यांच्या साखळीत उत्तम पिचरचा प्रभाव त्यामुळे जेमतेम पाचव्या हिश्श्यावर पडतो. तोच बाद फेरीत, जेथे सामने थोडे आणि विश्रांतीचे दिवस अधिक असतात, कितीतरी अधिक मोलाचा ठरतो. म्हणूनच जुलैअखेर, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली की, विजेतेपदाच्या शर्यतीतील संघ अनुभवी पिचर मिळवू पाहतात आणि तळाचे संघ त्या बदल्यात दुय्यम साखळीत घडत असलेली कोवळी मुले मागतात. नवा खेळाडू मुख्य साखळीत आल्यापासून साधारण सहा वर्षे संघाशी बांधलेला आणि तुलनेने स्वस्त असतो. त्यामुळे असा मुलगा देणे म्हणजे भावी काळाची कित्येक वर्षे देणे होय.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके उदाहरण 1987 सालचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डेट्रॉईट टायगर्सने 36 वर्षांचा डॉइल अलेक्झांडर अटलांटा ब्रेव्हजकडून घेतला आणि मोबदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा आपल्याच मिशिगन राज्यातला वीस वर्षांचा पिचर दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ विजय मिळवले, एकही पराभव पत्करला नाही आणि डेट्रॉईटने आपला गट जिंकला. परंतु पुढच्या फेरीत त्याने सुरू केलेले दोन्ही सामने संघाने गमावले आणि 1989 नंतर त्याची कारकीर्दच संपली. स्मोल्ट्झने अटलांटासाठी 1996 साली सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, 1995 च्या जगज्जेत्या संघातही तो होता. याच्या उलट, शिकागो कब्जने 2016 साली ग्लेबर टोरेस या होतकरू खेळाडूसह चार जण न्यूयॉर्क यांकीजला देऊन आरोल्डिस चॅपमन हा वेगवान पिचर घेतला, तो काही महिन्यांतच परत गेला, टोरेस पुढे नामांकित झाला, तरी 108 वर्षांनंतर जिंकलेल्या विजेतेपदापुढे शिकागोत त्या किमतीची खंत फारशी कोणी केली नाही. कब्ज त्या वेळी साऱ्या साखळीत अव्वल होते, ही बाब येथे विसरता येत नाही.

पिचरच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. प्रत्येक चेंडूगणिक कोपरातील अस्थिबंधावर ताण येतो. तो तुटल्यास शरीरातीलच दुसरा स्नायुबंध तेथे जोडतात आणि पूर्ववत खेळण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. ही शस्त्रक्रिया प्रथम 1974 साली टॉमी जॉन या पिचरवर झाली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते. विकत आणलेला हात केव्हा निकामी होईल हे सांगता येत नसल्यामुळे, हात घरी घडवावेत आणि उणीव भासेल तेथे फलंदाज बाहेरून आणावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो.

क्रिकेटमध्ये विदर्भाने नेमका तोच मार्ग धरला. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या संघाने फलंदाजीसाठी वसीम जाफर आणि गणेश सतीश यांना बाहेरून आणले, गोलंदाजी मात्र आपल्याच मुलांवर सोपवली. 2017-18 च्या रणजी उपांत्य सामन्यात रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीच्या पदवीधराने कर्नाटकाचे बारा गडी बाद केले, विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्यानेच हॅट्‌ट्रिक साधली. विदर्भाचा तो पहिला रणजी करंडक होता. पुढल्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने अकरा बळी घेऊन तो राखला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची शिस्त आणि जाफर यांच्या धावा नसत्या तर हे घडले नसते, हेही तितकेच खरे.

रणजी स्पर्धेत अदलाबदलीची पद्धत नाही, त्यामुळे खेळाडू दुसऱ्या राज्याकडे गेल्यास मूळ संघाला मोबदल्यात दुसरा खेळाडू मिळत नाही. सरवटे 2024-25 मध्ये केरळकडे गेला आणि नागपुरात झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच त्याने 79 धावा केल्या. तरीही पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने त्या सामन्यात 86 आणि 135 धावा केल्या, आणि सरवटेच्याच शैलीतला बावीस वर्षांचा हर्ष दुबे याने त्या हंगामात 69 बळी घेतले होते. एका रणजी हंगामात इतके बळी त्यापूर्वी कोणीही घेतले नव्हते.