ताण कामाचा, जबाबदारी कोणाची?

शुक्रवारची दुपार. ऑफिसच्या हॉलमध्ये ‘तणावमुक्त कसे राहावे’ या विषयावर दोन तासांची कार्यशाळा सुरू आहे. पाहुणे वक्ते डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. निम्मे लोक श्वास घेतात, उरलेले टेबलाखाली मोबाइल धरून मेलला उत्तरे देत असतात. कार्यशाळा संपते आणि राहिलेले काम उरकण्यासाठी सगळे रात्री नऊपर्यंत थांबतात. अनेक नोकरदारांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

प्राणायाम, ध्यान, व्यायाम यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण ताण जर कामाच्या रचनेतून येत असेल, तर तो कमी करण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याची कशी?

शरीरात काय घडते?

ताण आला की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडीचे ठोके जलद होतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. संकट थोड्या वेळाचे असेल तर हीच यंत्रणा आपल्याला वाचवते. ती महिनोन्‌महिने चालू राहिली, तर मात्र झोप बिघडते, पचनाच्या तक्रारी सुरू होतात, चिडचिड वाढते आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

साहेबापेक्षा शिपायाला जास्त धोका

‘मोठ्या पदावर मोठा ताण’ असा आपला समज असतो. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने तो खोटा ठरवला. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब अशी कारणे हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडेना. सर मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात एक महत्त्वाचा धागा हाती लागला. ज्यांना आपल्या कामाबाबत काहीच ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच हे सूत्र मांडले होते. नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि अधिकार शून्य, ही जोडी घातक ठरते. दोन जागा रिकाम्या असूनही तेच टार्गेट पेलणारा बँक कर्मचारी किंवा उद्याची ड्युटी आज रात्री कळणारी नर्स यांना हे वेगळे सांगायला नको.

इतर देशांत काय होते?

ब्रिटनमध्ये कामामुळे येणाऱ्या ताणाचा धोका तपासणे आणि तो आटोक्यात ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यासाठी तिथे सहा बाबी पाहिल्या जातात : कामाचा बोजा, कामावरचे नियंत्रण, मिळणारा आधार, आपसातील संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि होणारे बदल कसे हाताळले जातात. जपानने डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना वार्षिक ताण तपासणी सक्तीची केली. तपासणीचा निकाल कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाही. ‘साहेबांना कळले तर?’ ही भीती किती खरी आहे, हे ओळखूनच ही तरतूद केलेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कामाच्या परिस्थितीत बदल करण्यावर आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे.

मग कोणी काय करायचे?

संस्थेने आधी कारणे शोधावीत. मनुष्यबळाच्या प्रमाणात काम द्यावे, ड्युटीचे वेळापत्रक वेळेवर जाहीर करावे, एका माणसाला दोन साहेबांचे परस्परविरोधी आदेश मिळणार नाहीत हे पाहावे. रात्री दहाच्या मेलला सकाळी उत्तर दिले तरी चालते, हे वरिष्ठांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवावे. यातील बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

कर्मचाऱ्याचीही जबाबदारी आहेच. झोप, जेवण आणि हालचाल यांच्याशी तडजोड करू नये. काम आवाक्याबाहेर जात असेल तर नुसते ‘जमत नाही’ म्हणण्याऐवजी ‘या चारपैकी आधी कोणते करू?’ असे विचारावे. शक्य असल्यास ते लेखी विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. छातीत दुखणे, धाप लागणे ही लक्षणे मात्र ‘ताणामुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नयेत. तातडीने रुग्णालय गाठावे.

छप्पर गळत असताना प्रत्येकाच्या हातात छत्री दिली, तर तेवढ्यापुरते कोणी भिजणार नाही. पण छप्पर दुरुस्त करण्याचे काम ज्याचे घर आहे त्याचेच. पुढच्या कार्यशाळेत श्वास मोजून झाले की, कामाचे तासही मोजायला हवेत.