आधी सैल भाग, मग सेटिंग

सकाळी ८

कर्जतचा रस्ता चौक फाट्याजवळ जुन्या मुंबई-पुणे हायवेला मिळतो. तिथल्या अलाइनमेंटच्या दुकानात शटर वर गेलं की मी सर्वांत आधी रॅम्प तपासतो. खालापूरच्या पावसात जमीन बसते आणि तिच्याबरोबर रॅम्पचा एखादा कोपरा खाली जातो. म्हणून लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे पाहायचे. एक बाजू ५ मिलिमीटर खचली, तर दीड मीटर रुंदीवर कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल, ११ मिनिटांनी खोटा येतो. ही मिनिटं अंशाची, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. पुष्कळ गाड्यांच्या सेटिंगमध्ये फार फार तर तीसएक मिनिटांची सूट असते. त्यातली अकरा आपल्याच रॅम्पने खाल्ली, तर गाडीला दोष कसा द्यायचा? मग टर्नटेबलमधला चिखल काढून त्यांच्या तबकड्या बोटाने सहज फिरतात ना, ते बघतो.

सकाळी ९

बोरघाट उतरून पनवेलकडे निघालेलं एक कुटुंब थांबतं. "दादा, नव्वदच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. अलाइनमेंट करून टाका." थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते आणि अलाइनमेंट बिघडलं की गाडी ओढते किंवा स्टेअरिंग वाकडं राहतं, हे मी त्यांना समजावतो. चाकं मशिनवर चढवल्यावर कळतं की पुढच्या उजव्या चाकाचं वजन निघून पडलंय. नवीन वजन लावतो. त्यांना अलाइनमेंटची गरज नव्हती, म्हणून त्याचे पैसेही घेत नाही.

टायरमध्ये जास्त दिसणारी हवा मात्र लगेच कमी करू देत नाही. घाटात ब्रेक आणि टायर तापतात, तेव्हा प्रेशर तीन-चार पीएसआय जास्तच दिसतं. गरम टायरमधली हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी पडते आणि दोन्ही कडा झिजतात. टायर निवू द्यायचे, मग दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरायची.

सकाळी १०:३०

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत वर-खाली करणारी टॅक्सी. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा गेलेल्या. चालककाकांना वाटतं, सेटिंग बिघडलं. मी टायरवरून हात आडवा फिरवतो. टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, चुकला असेल तर हात एका दिशेने गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की करवतीसारखा अडतो. इथे दोन्हीकडून सारखंच लागतं. मशिनवरही टो बरोबर येतो. या कडा घाटातल्या वळणांनी खाल्ल्यात. उपाय एवढाच की पुढचे टायर वेळेवर मागे न्यायचे आणि वळणाआधी वेग उतरवायचा. नक्षीच्या खाचेतली उंच खूण १.६ मिलिमीटरवर असते, रबर तिथवर आलं की टायर बदलायचा. प्रवासी घेऊन घाट चढणाऱ्याने तर त्याच्या आधीच.

दुपारी १२

कर्जतकडून एक हॅचबॅक येते. चालक तरुण आहे. खड्ड्यात चाक आपटल्यापासून गाडी डावीकडे ओढतेय आणि स्टेअरिंग तिरकं झालंय. गाडी उचलून चाक वर-खाली आणि आडवं हलवतो: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बेअरिंग, कशातच प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. सेन्सर लावल्यावर चित्र स्पष्ट होतं. पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर अधिक ५० मिनिटं, उजव्याचा उणे १०. डावा कास्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल, उजव्यापेक्षा एका अंशाहून अधिक कमी. चाक खालून आत आणि मागे ढकललं गेलंय, म्हणजे लोअर आर्म वाकलाय. कॅम्बर जिकडे जास्त आणि कास्टर जिकडे कमी, तिकडे गाडी ओढते. इथे दोन्ही डावीकडे.

"टो तेवढा हिरवा करून द्या ना दादा, आर्मचं पुढच्या पगाराला बघू."

स्विफ्ट, वॅगन आर, आय१० यांसारख्या गाड्यांत पुढचा टो तेवढा फिरवता येतो. कॅम्बर आणि कास्टर कारखान्यातून ठरून येतात, ते बदलले की काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय असं समजायचं. वाकलेल्या आर्मवर टो हिरवा केला, म्हणजे पडद्यावर मापात आणला, तर स्टेअरिंग आज सरळ दिसेल, गाडी मात्र ओढतच राहील आणि डाव्या टायरची बाहेरची कड झिजेल. शिवाय आर्म बदलला की टो पुन्हा करावा लागेल, म्हणजे खर्च दोनदा. हे त्याला पटतं. आर्म पनवेलहून मागवतो.

दुपारी २

डबा संपल्यावर आमच्या शिकाऊ पोराला अ‍ॅकरमनची गोष्ट सांगतो. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गरने घोडागाडीसाठी ही रचना काढली आणि रुडॉल्फ अ‍ॅकरमनने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. वळलेली चाकं मुळातच वेगवेगळ्या कोनात असतात, म्हणून टो मोजायचा तो स्टेअरिंग अगदी मध्यावर लॉक करूनच. आणि दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायचे. एकच फिरवत बसलं की एकूण टो जुळतो, पण स्टेअरिंग मध्यावर राहत नाही.

दुपारी ३:३०

आर्म बसला. मॉडेल आणि साल निवडतो. सारख्या नावाच्या दोन पिढ्यांची सेटिंग वेगळी असू शकते. गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रिमचा वाकडेपणा हिशोबात घेतो, ब्रेक दाबून धरणारी काठी लावतो, स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवून कास्टर घेतो. कॅम्बर जागेवर आलाय. आता चेकनट सैल करून टो.

एवढ्याशा टोने काय होतं, असं ग्राहक विचारतात. १४ इंची चाकांवर एकूण टो ३ मिलिमीटर चुकला, तर दर किलोमीटरला प्रत्येक पुढचा टायर सुमारे ४ मीटर आडवा घासला जातो. एक्स्प्रेसवेवर पावसात, शंभरच्या वेगाने धावणारी गाडी तळहाताएवढ्या चार ठिकाणी रस्त्याला धरून असते. त्या चार जागा सरळ चालाव्यात, यासाठी हे काम.

चेकनट आवळून पुन्हा रीडिंग घेतो, कारण आवळताना रॉड किंचित फिरतो. मग खालापूरच्या दिशेने चाचणी. रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी हलकीच डावीकडे जाणारच. सपाट तुकड्यावर पाहिल्याशिवाय निकाल देत नाही.

संध्याकाळी ५:३०

काचेमागे कॅमेरा असलेली नवी गाडी. लेन ओळखून स्टेअरिंग सावरणाऱ्या अशा गाड्यांत चाकांची दिशा बदलली की कॅमेराही पुन्हा जुळवावा लागू शकतो. ती सोय आमच्याकडे नाही, म्हणून चाकाला हात लावण्याआधीच साहेबांना सांगतो की हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करा.

संध्याकाळी ७:३०

वहीत प्रत्येक गाडीचे आधीचे-नंतरचे आकडे आणि टायरची खोली उतरवतो. आत, मध्ये, बाहेर, तीन जागी. सेटिंगनंतर पडद्यावर हिरवं आलं तरी मी काम झालं असं मानत नाही. ५,००० किलोमीटरनंतर गाडी परत आली आणि तिन्ही जागी रबर सारखं झिजलेलं सापडलं, तरच ते काम पास. म्हणून प्रत्येकाला तेच सांगून पाठवतो: कागद जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला घेऊन या.