रस्ते निरीक्षकाची बांगड्यांची माणसं

चंदीगडच्या रॉक गार्डनमधला एखादाच पुतळा उचलून मुंबईच्या कलादालनात ठेवला, तर त्याच्याकडे फारसं कोणी वळून पाहणार नाही. हात अंगालगत, मान ताठ, चेहरा म्हणजे दोन डोळ्यांच्या खुणा आणि नाकाचा उंचवटा. पण तशाच असंख्य बाया, गडी, माकडं, मोर चढणीवर रांगा करून उभे असतात. अंगभर काचेच्या बांगड्यांचे तुकडे ल्यालेली ती गर्दी माणसाला जागच्या जागी थांबवते. ही बाग घडवणाऱ्या नेकचंद सैनी यांची करामत संख्येत आहे आणि संख्येमागच्या चिकाटीत आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

एका बाईजवळ वाकून नीट पाहिलं. बांगड्यांचे तुकडे कसेही चिकटवलेले नव्हते. रंग निवडून, कडा बाहेर येतील असे ते थरांनी बसवले होते. हिरव्याचा पट्टा, त्यावर लाल, मग पिवळा, असं लुगडं चढत गेलेलं. आत सांगाडा लोखंडाचा: सळया, पाइप, मोडक्या सायकलींचे भाग. त्यावर सिमेंट-काँक्रीटचा गाभा आणि सगळ्यात शेवटी ही कातडी. सिमेंट ओलं आहे तोवरच तुकडे दाबायचे. उशीर झाला की काच धरत नाही आणि घाई केली की खाली सरकते. गच्चीवर चायना मोझॅक करणारा आपला गवंडीही हेच सांगेल. फरक इतकाच, की गच्ची आडवी असते आणि इथं काम उभ्या, गोल अंगावर करायचं असतं.

प्राण्यांची तऱ्हा वेगळी. सायकलचं सीट म्हणजे जनावराचं तोंड, फोर्क म्हणजे पाय. पिकासोनं 1942 मध्ये सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्याचं जगभर कौतुक झालं. इथं तीच युक्ती कळपानं उभी आहे, आणि करणाऱ्याच्या गावी पिकासो असण्याची शक्यता फार कमी.

हा करणारा रस्तेखात्यातला माणूस होता. शकरगढ तालुक्यातल्या बरियां कलां गावी 1924 मध्ये त्याचा जन्म झाला. फाळणीनं ते गाव पाकिस्तानात गेलं आणि कुटुंब इकडं आलं. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या आराखड्यावर चंदीगड ही नवी राजधानी उभी राहत होती. तिच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात 1951 पासून नेकचंद रस्ते निरीक्षक होते. शहरासाठी जुनी गावं पाडली जात होती आणि त्या घरांचे अवशेष ढिगांनी पडत होते. माठ, कपबशा, मोरीच्या फरशा, चिनी मातीचे फ्यूज असं काहीही. दिवसा नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात हा माल सायकलवरून सुखना तलावाजवळच्या झाडीत न्यायचा. शिवालिकच्या ओढ्यांतले माणसासारखे, पक्ष्यासारखे दिसणारे दगडही त्यांनी असेच वाहून आणले. जमीन सरकारी होती आणि तिथं बांधकामाला बंदी होती, म्हणून सगळं चोरून चाललेलं. 1950 च्या दशकाअखेरीपासून पुढची बरीच वर्षं हे काम कोणाला कळलं नाही. रात्री उजेडासाठी ते जुने टायर जाळत.

आपल्याकडे ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं की शाळेत बाटलीवर लोकर गुंडाळायला लावतात. नेकचंदांच्या कामाला ते नाव देणं मला पटत नाही. त्यांच्यापाशी गवंड्याचं आणि मुकादमाचं पक्कं ज्ञान होतं. पाणी कुठून उतरेल, भिंत कुठं फुगेल, सिमेंटला किती दिवस पाणी मारायचं, हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. डांबराच्या रिकाम्या पिंपांची भिंत रस्त्याच्या माणसालाच सुचू शकते. आणि साठवण! फुटलेली एक बशी कुठंही मिळते. पण भिंतभर एकाच जातीचे फ्यूज लावायचे, तर वर्षानुवर्षं गोळा करून, वेगवेगळे ढीग घालून थांबावं लागतं. मला वाटतं, त्यांचा बहुतेक वेळ घडवण्यापेक्षा निवडण्यात गेला असणार.

1970 च्या दशकात हे सगळं उघडकीला आलं. नियमानं पाडायलाच हवं होतं. पण शहर नेकचंदांच्या बाजूनं उभं राहिलं आणि 1976 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. पुढं त्यांना पगार, हुद्दा आणि 50 मजूर मिळाले. आपल्या सरकारी व्यवस्थेनं अतिक्रमण करणाऱ्यालाच त्या अतिक्रमणाचा अधिकारी नेमल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. आज इथं धबधबे, चौक, अरुंद वाटा आणि मान वाकवूनच जावं लागेल असे बुटके दरवाजे आहेत. हे दरवाजे मला पुतळ्यांइतकेच आवडले. पुढच्या चौकात काय आहे, ते वाकून बाहेर पडेपर्यंत दिसतच नाही.

बागेवरची संकटं मात्र संपली नाहीत. 1990 मध्ये रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकच आडवे आले. 1996 मध्ये नेकचंद परदेशी असताना कोणीतरी पुतळ्यांची मोडतोड केली. 12 जून 2015 रोजी ते गेले. त्यानंतर, 2025 च्या सुरुवातीला, शेजारच्या उच्च न्यायालयाकडच्या वाहतुकीसाठी आणि वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग प्रशासनानं पाडला. पुन्हा लोक रस्त्यावर आले, पण या वेळी भिंत गेलीच. वाहनतळाची गरज मी नाकारत नाही. तरीही एका माणसानं हातानं रचलेल्या भिंतीला दुसरी जागा नसते आणि गाड्यांना ती शोधता येते.

चंदीगडला गेलात तर सकाळी दार उघडताच आत शिरा, गर्दीत हे काम दिसत नाही. पुतळ्यांचे फोटो जवळून काढा, पण बांगडीचा सैल तुकडा दिसला तरी तो उपटू नका. तो तसाच राहू द्या.