हाताला जाणवणारा पूर्वग्रह

डेटाच्या विश्लेषणात पूर्वग्रह शिरतो तो बहुधा आकडेमोडीतून नव्हे, निवडीतून. कोणत्या नोंदी उघडायच्या, कोणते रकाने पाहायचे, कुठे थांबायचे, हे विश्लेषक ठरवतो. काय पाहायचे राहिले, ते मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० मधला प्रयोग हेच दाखवतो. २-४-६ या संख्यांमागचा नियम सहभागींनी स्वतः संख्या सुचवून ओळखायचा होता. नियम एवढाच होता, की संख्या चढत्या असाव्यात. पुष्कळ जणांनी आपला अंदाज खरा ठरेल अशाच संख्या सुचवल्या. तो खोटा ठरू शकेल अशा संख्या फारशा कुणी तपासल्याच नाहीत.

संगणकावर काम करताना या निवडींचा माग राहतो. माऊस आलेखातल्या कोणत्या बिंदूवर गेला, किती वेळा गेला, याची नोंद ठेवता येते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेले ‘ल्युमॉस’ हे साधन यावरच उभे आहे. समजा, नोकरीसाठी आलेल्या अर्जांत निम्मे स्त्रियांचे आहेत, पण उघडले गेलेले बहुतेक अर्ज पुरुषांचे. अपेक्षित प्रमाण आणि प्रत्यक्ष वर्तन यांतली ही तफावत ल्युमॉस पडद्यावर दाखवते.

अडचण अशी, की डोळे आधीच आलेखात गुंतलेले असतात; पडद्याच्या कडेची सूचना सहज नजरेतून सुटते. म्हणून स्पर्श आणि ध्वनी यांची मदत घेतली जाते. विमानाच्या पंखांची उचल अचानक घटण्याचा धोका जवळ आला, की अनेक विमानांत वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तातला ऑक्सिजन कमी झाला, की ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरतो आणि भूलतज्ज्ञाला मान वर न करता ते कळते. याच धर्तीवर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘बायसबझ’ या साधनात ल्युमॉसच्या दृश्य सूचनांना थरथरणाऱ्या माऊसची जोड दिलेली आहे.

अशा सूचनांचे प्रमाण नाजूक असते. कंप वारंवार होऊ लागला, तर तो त्रासदायक ठरतो किंवा अंगवळणी पडून दुर्लक्षिला जातो. फार क्षीण असला, तर जाणवतच नाही. शिवाय प्रत्येक तफावत म्हणजे पूर्वग्रह नव्हे. वृद्धांच्या आजाराचा अभ्यास करणारा विश्लेषक तरुणांच्या नोंदी जाणूनबुजून बाजूला ठेवतो. साधन मोजते ते वर्तन. हेतू त्याला कळत नाही. अपेक्षित प्रमाण ठरवणारा माणूसच असल्याने त्याचा पूर्वग्रह त्या प्रमाणातही उतरू शकतो. त्यामुळे कंप हा दोषाचा निवाडा न मानता, निष्कर्ष काढण्याआधी न उघडलेल्या नोंदींकडे वळण्याची सूचना मानणे योग्य.